गावाच्या नावात दडलेली इंग्रजी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचं बोलणं नुसतं ऐकून भागणार नाही. हाताशी एक कागद आणि पेन्सिल घेऊन बसा. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्यालाही जवळ बोलवा. आज आपल्याला इंग्रजी शब्द शोधायचे आहेत, आणि तेही आपल्याच गावांच्या नावांतून.

सुरुवात अगदी सोपी. अवघा महाराष्ट्र सांगायचा झाला की आपण 'चांदा ते बांदा' म्हणतो. एक टोक आपला चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. दुसरं टोक गोव्याच्या सीमेजवळचा, सिंधुदुर्गातला बांदा. आता चांदा इंग्रजीत लिहा. सी, एच, ए, एन, डी, ए. पहिलं आणि शेवटचं अक्षर बोटानं झाका. मधे काय उरलं? एच-ए-एन-डी, हँड. हात! आता बांदा लिहा. बी, ए, एन, डी, ए. शेवटचं अक्षर झाका. बँड. शिवाय दोन्ही नावांच्या पोटात ए-एन-डी, म्हणजे 'ॲन्ड', आपला 'आणि', आहेच. चांदा आणि बांदा जोडणारा 'आणि' दोन्हीकडे आधीपासूनच बसलेला आहे.

ही गंमत झाली. पण या गमतीत शिकण्याची एक मोठी सोय आहे, आणि ती आपल्या दोन जिल्ह्यांतल्या मुलांच्या फार कामाची आहे, असं मला वाटतं.

जून २००० पासून महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलाला ती पाचवीत भेटायची. पुण्या-मुंबईच्या मुलाला ही दुसरी भाषा. आपल्याकडचा हिशेब वेगळा. भामरागड, एटापल्लीच्या मुलाची घरची भाषा माडिया. धानोरा, कोरचीकडे गोंडी. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याकडे कितीतरी घरांत बंगाली. अशा मुलाला शाळेत आल्यावर आधी मराठी शिकावी लागते आणि तिच्याच हातात हात घालून इंग्रजी येते. म्हणजे सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर एकदम दोन परक्या भाषा.

मग आपण काय करतो? घोकून घेतो. सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. डी-ओ-जी डॉग, डॉग म्हणजे कुत्रा. सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. सूर पाठ होतो, स्पेलिंग पाठ होत नाही. पाचवी-सहावीत शब्द वाढले की घोकंपट्टी पुरी पडत नाही, आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी 'बाकी सगळ्यात पास, इंग्रजीत गेला' हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. त्या एका वाक्यापायी किती पोरांचं शिक्षण थांबतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

घोकताना मूल शब्द बाहेरून आत घेतं. शोधताना ते स्वतः शब्द बनवतं. दोन्हींत फरक आहे. आपल्याकडे 'नाव, गाव, फळ, फूल' हा खेळ आहेच. 'क' अक्षर आलं की पोरं कशी तुटून पडतात! तीच भूक इंग्रजी अक्षरांकडे वळवायची. आणि अक्षरं कुठली घ्यायची? मुलाला आधीपासून येणारी. जे लांबलचक इंग्रजी स्पेलिंग आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला पाहून पाहून येतं ते गावाचं, तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं नाव असतं. ते एसटीच्या पाटीवर असतं, शाळेच्या फलकावर असतं.

तर घ्या गडचिरोली. जी, ए, डी, सी, एच, आय, आर, ओ, एल, आय. दहा अक्षरं. 'आय' दोनदा, बाकी सगळी एकेकदा. नियम एकच : जे अक्षर जितक्या वेळा आहे तितक्याच वेळा वापरायचं. क्रम हवा तसा बदला. 'डॉल' लिहाल तर चालणार नाही, त्यात दोन 'एल' लागतात. 'गुड'ही नाही, त्यात दोन 'ओ' आहेत. या एका नियमामुळे मूल स्पेलिंगकडे डोळे लावून बघतं. 'बॉल'मध्ये 'एल' एक की दोन, हे दहादा सांगून जे पक्कं होत नाही, ते इथे एक गुण गेला की पक्कं होतं.

काय काय निघतं बघा. आर-ओ-ए-डी, रोड. सी-एच-आय-एल-डी, चाइल्ड. जी-आय-आर-एल, गर्ल. जी-ओ-एल-डी, गोल्ड. सी-ओ-ए-एल, कोल, म्हणजे कोळसा. खाणी चंद्रपूरकडे आणि शब्द गडचिरोलीत! खुर्ची आहे, सी-एच-ए-आय-आर. हेअर, म्हणजे केस, आहेत. ऑइल आहे. झाडाच्या फांदीवर वाढणारं ऑर्किड आहे, ओ-आर-सी-एच-आय-डी. पळसावर, कुसुमावर होते ती लाख आहे, एल-ए-सी, लॅक. हा शब्द इंग्रजीनं आपल्याकडूनच नेला. दोन्ही 'आय' वापरायचे असतील तर आय-डी-एल-आय, इडली! हसू नका, इंग्रजी कोशात इडली आहे. आणि ज्यातून मी तुमच्याशी बोलतो आहे तो आर-ए-डी-आय-ओ, रेडिओ, तोही गडचिरोलीच्या नावात पूर्ण सापडतो.

आता उलट बाजूनं बघू. गडचिरोलीत काय सापडत नाही? आपला मुख्य पिका-खाण्याचा शब्द राइस नाही. ट्री नाही. टायगर नाही. का? कारण 'ई' हे अक्षर नाही. चंद्रपूर लिहून पाहा. तिथेही 'ई' नाही. आणि इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारं अक्षर नेमकं 'ई' आहे.

हे कोणी मोजलं? बऱ्याच जणांनी. तारखात्याच्या मोर्स लिपीत 'ई'ला फक्त एक टिंब आहे, कारण जे अक्षर सारखं लागतं ते पटकन पाठवता आलं पाहिजे. पुढे अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३० नंतरच्या दशकात, आल्फ्रेड बट्स नावाच्या एका बेकार वास्तुशिल्पकारानं वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजली आणि त्या मोजणीवरून शब्दांचा खेळ तयार केला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यानं त्याचं नाव 'स्क्रॅबल' ठेवलं. त्यात शंभर सोंगट्या असतात. 'ई'च्या बारा. 'ए' आणि 'आय' यांच्या नऊ-नऊ. 'क्यू' आणि 'झेड' यांची एकेकच. पण ती लावली की दहा गुण मिळतात. जे दुर्मीळ ते महाग, हा बाजाराचा नियम इथेही आहे. शिवाय दोन सोंगट्या कोऱ्या असतात. कोरी सोंगटी कुठल्याही अक्षराच्या जागी चालते.

गडचिरोलीला अशी एक कोरी सोंगटी देऊन बघा. तिला 'टी' समजा. सी-एच-आय-टी-ए-एल, चितळ! तिला 'ई' समजा. डी-एच-ओ-एल-ई, ढोल. हा वाजवायचा ढोल नव्हे. इंग्रजीत या नावानं आपल्या रानकुत्र्याला ओळखतात. आपल्या जंगलातले दोन प्राणी जिल्ह्याच्या नावापासून एकेका अक्षराच्या अंतरावर उभे आहेत.

मुलांना हे जरूर सांगावं की चितळ, गौर, नीलगाय, सांबर हे सगळे इंग्रजी कोशातले शब्द आहेत. ज्या साहेबानं हे प्राणी पूर्वी पाहिले नव्हते त्याला नावं इथल्या माणसाला विचारूनच घ्यावी लागली. सांबर इंग्रजीत कसं लिहायचं यावर तर त्यांचं अजून एकमत नाही. शब्दखेळाच्या कोशात त्याची चार स्पेलिंगं मान्य आहेत : मधे 'बी' किंवा 'बीएच', शेवटी 'एआर' किंवा 'यूआर'. सिरोंच्याच्या मुलाला विचारा, घुशीला घरी काय म्हणतात. तो 'पंदिकोक्कु' म्हणेल. इंग्रजीत घुशीला 'बँडिकूट' म्हणतात, आणि तो शब्द तेलुगूतूनच गेलेला आहे. स्पेलिंगच्या भीतीनं मान खाली घालून बसलेल्या पोराला हे कळलं की ते जरा सरळ बसतं.

आता एक अवघड गोष्ट. मराठीत आपण जसं लिहितो तसं वाचतो, इंग्रजीत तसं नाही, ही सगळ्यांची तक्रार. ती समजून घ्यायला अहेरीसारखं गाव नाही. ए, एच, ई, आर, आय. पाचच अक्षरं. यातून निघतं एच-ए-आय-आर, हेअर, केस. आणि एच-ए-आर-ई, हेअर, ससा. उच्चार एकच, अक्षरं वेगळी. पुढे ए-आय-आर, एअर, हवा. आणि एच-ई-आय-आर, हाही एअरच, पण अर्थ वारस. इथे 'एच' लिहायचा आणि बोलायचा नाही. अहेरी ही मोठी जमीनदारी होती, तेव्हा वारस हा शब्द तिथे निघावा हे साजेसंच आहे. त्याच अक्षरांतून एच-ई-ए-आर, हिअर, ऐकणे. त्यातला 'एच' झाकला तर ई-ए-आर, इअर, म्हणजे कान उरतो. ऐकण्याच्या शब्दात कान आहे, हे एकदा दिसलं की त्या स्पेलिंगची चूक होत नाही.

वडसा घ्या. डब्ल्यू, ए, डी, एस, ए. डब्ल्यू-ए-एस, वॉज, म्हणजे होता. तीच अक्षरं उलटी, एस-ए-डब्ल्यू, सॉ, म्हणजे पाहिलं. इंग्रजी वाचायला लागलेली मुलं या दोन शब्दांत हमखास गोंधळतात. वडशाच्या पाटीखाली उभं राहून एकदा दोन्ही काढले की गोंधळ कायमचा मिटतो. आरमोरीतून ए-आर-एम-ओ-आर, आर्मर, चिलखत. पण हे अमेरिकन स्पेलिंग झालं. इंग्लंडात 'यू' लागतो, आणि आरमोरीत 'यू' नाही. म्हणजे आरमोरी अमेरिकेच्या बाजूची!

आता खेळाचा तिसरा प्रकार. पहिल्यात आपण अक्षरं जागच्या जागी ठेवून शब्द पाहिला, दुसऱ्यात अक्षरं हलवली. तिसऱ्यात चार अक्षरं द्यायची आणि ती ज्यांच्या पोटात आहेत असे शब्द गोळा करायचे. आय-जी-एच-टी घ्या. मागे 'एल' लावा, लाइट. 'एन' लावा, नाइट. 'आर', राइट. 'एफ', फाइट. मग साइट, टाइट, माइट, ब्राइट, फ्लाइट. चार अक्षरं ओळखीची झाली आणि नऊ शब्द हाती आले. घोकून नऊ स्पेलिंगं पाठ करायला आठवडा लागला असता.

मूल लगेच विचारेल, आणि त्यानं विचारायलाच हवं : 'जीएच' बोलायचा नाही तर लिहायचा कशाला? याला सरळ उत्तर आहे. पूर्वी तो बोलत असत, घशातून घासून येणाऱ्या 'ख'सारखा. जर्मन माणूस रात्रीला आजही 'नाख्ट' म्हणतो. इंग्लंडात १४७६ मध्ये कॅक्स्टननं छापखाना घातला. शब्द छापले गेले तसे स्पेलिंगचे सांधे हळूहळू पक्के होत गेले. १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा मोठा कोश आला तेव्हा ते बरेचसे ठरून गेले होते. दरम्यान लोकांची बोली मात्र पुढे निघून गेली. 'ख' तोंडातून गेला, कागदावर राहिला. म्हणजे स्पेलिंग हा कोणाचा लहरीपणा नाही, तो जुन्या उच्चाराचा ठसा आहे.

आणि आपणही अगदी सोवळे नाही. 'चंद्र' म्हणा आणि 'चांदणं' म्हणा. दोन्हींतला 'च' एकसारखा लिहितो, पण बोलतो का? 'गडचिरोली' लिहिताना 'ड' पुरा असतो आणि बोलताना आपण तो तोडून टाकतो. हे नियम आपल्याला कोणी शिकवले नाहीत, कानावर पडून आले. माडिया किंवा बंगाली बोलणाऱ्या मुलाला मराठीतल्या या खोड्या तितक्याच अवघड जातात जितक्या आपल्याला इंग्रजीतल्या. हे शिक्षकानं लक्षात ठेवलं तर चुकणाऱ्या मुलावर आवाज चढणार नाही.

हा खेळ घ्यायला खर्च नाही. जुन्या लग्नपत्रिका घ्या, त्यांचे चौकोनी तुकडे करा, प्रत्येकावर एक अक्षर लिहा. 'ई' जास्त करा, 'क्यू' एकच पुरे. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र बसतात, तिथे हा खेळ फार सोयीचा. पहिलीतलं मूल 'डॉग' काढील, चौथीतलं 'ऑर्किड' काढील. एकच नाव सगळ्यांना पुरतं. पण एक अट मात्र कडक ठेवा. ज्या शब्दाचा अर्थ सांगता येत नाही तो मोजायचा नाही. अर्थ मराठीत सांगा, गोंडीत सांगा, माडियात सांगा, तेलुगूत सांगा, हातवारे करून सांगा, पण सांगा. मग फळ्यावर एका इंग्रजी शब्दासमोर तीन-तीन भाषांतले शब्द उभे राहतात, आणि घरची भाषा शाळेच्या फळ्यावर येते. तिला तिथे यायची संधी एरवी कितीदा मिळते?

दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा की आता मोबाइलवर अक्षरं टाकली की एका क्षणात शेकडो शब्द समोर येतात, मग डोकं कशाला खाजवायचं? ते खरं आहे. मोबाइल यादी देतो. पण मोहफुलं वेचायला पहाटे आपण स्वतः गेलो तर कुठल्या झाडाखाली किती पडतात हे कळतं. कोणी भरलेली टोपली दारात आणून ठेवली तर कळत नाही. शोधताना मूल दहा चुकीच्या जोड्या करून पाहतं, 'आरजी'नं शब्द सुरू होत नाही, 'सीएच'नं होतो, हे त्याच्या बोटांना कळतं. इंग्रजीत कुठलं अक्षर कोणाशेजारी बसतं हे ज्ञान कुठल्याही यादीत नसतं. मोबाइल शेवटी उघडावा, राहिलेले शब्द पाहायला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सुटे शब्द म्हणजे भाषा नव्हे. मान्य. म्हणून डाव शब्दांवर संपवू नये. गडचिरोलीतून निघालेले तीन शब्द घ्या : गर्ल, ओल्ड, रेडिओ. यांचं वाक्य करा. 'द गर्ल हॅज ॲन ओल्ड रेडिओ.' जोडायचे छोटे शब्द बाहेरून घ्यायची मुभा द्या. दुसरी एखादी मुलगी रोड, चाइल्ड आणि कोल्ड घेऊन वेगळंच वाक्य करील. ते चुकेल, मग सुधारेल. पण ते तिचं स्वतःचं इंग्रजी वाक्य असेल, गाईडमधून उतरवलेलं नसेल. इंग्रजी बोलायला मात्र ऐकणारा आणि बोलणारा माणूसच लागतो. तेवढं काम हा खेळ करणार नाही. त्याचं काम दार उघडण्याचं. अक्षरांची भीती गेली की पुढचं शिकवणं सोपं जातं.

जाता जाता घरचा अभ्यास देतो. बल्लारपूर लिहा, 'एल' दोन आणि शेवटचा 'आर' धरून 'आर'ही दोन. कागदाच्या कारखान्याचं गाव, पण त्यातून 'पेपर' निघत नाही. कागदाच्या लगद्याचा 'पल्प'सुद्धा निघत नाही, एक 'पी' कमी पडतो. 'ग्रामीण' या अर्थाचा पाच अक्षरांचा शब्द मात्र निघतो, आणि व्याकरणातल्या अनेकवचनाचाही. शोधा. मग सिरोंचा घ्या. एस, आय, आर, ओ, एन, सी, एच, ए. प्राणहिता तिथून वाहत जाऊन जवळच गोदावरीला मिळते. अशा गावाच्या नावात नाव किंवा जहाज एका जागी थांबवून ठेवणाऱ्या वस्तूचा सहा अक्षरी शब्द दडलेला आहे. तो मी सांगत नाही. आणि शेवटी तुमच्या स्वतःच्या गावाचं नाव लिहा, ज्या नावाकडे आजवर कोणीच असं पाहिलेलं नसेल. किती शब्द निघाले ते मुलाला मोजू द्या. तुम्ही फक्त अर्थ विचारा.